ज्याच्याकडे चेंडू नाही

बास्केटबॉलचा अंतिम सामना पंच म्हणून तिनं कुठलीही खळखळ न होता पार पाडला तर कुणाच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब घरात प्रत्येकानं आपापल्या सोयीनं मांडून ठेवला होता. नवऱ्याला ऑफिसात ‘आमची ही’ अशी सुरुवात करून बोलायला एक विषय मिळणार होता. सासूबाईंना जिन्यात भेटणाऱ्या बायकांपुढे, आपल्याला यातलं काही कळत नाही असं म्हणत म्हणत, सगळं सांगायला मिळणार होतं. जावेला अधूनमधून दोन-दोन दिवस स्वयंपाकघर एकटीचं मिळणार होतं, आणि खरं पाहता सगळ्यात घसघशीत फायदा तिचाच होता. जिच्या जिवावर हे सगळं चाललं होतं तिला वरच्या पंचमंडळात जागा मिळणार होती. म्हणजे छातीवर नवा बिल्ला, परगावचे सामने, आणि परगावच्या हॉटेलातली एक अशी सकाळ, जिच्यात ‘माझे मोजे कुठायत’ असं कुणी विचारणार नव्हतं. या शेवटच्या लाभाबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती, पण तिच्या मनातल्या मांडणीत तो बिल्ल्याच्याही वर होता. अडचण एवढीच, की या मंडळात शिरायला वयाची अट होती आणि पुढच्या मोसमात ती त्या अटीच्या पलीकडे जाणार होती. यंदा झालं तर झालं. त्यासाठी दोन माणसांचा शब्द पडायला हवा होता: एक, सामन्याचे मुख्य पंच, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि दुसऱ्या, गॅलरीत बसून पंचांना गुण देणाऱ्या निरीक्षकबाई, ज्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना दात दुखतोय की आनंद झालाय हे आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं.

आणि नेमकं सामन्याच्याच दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात सिंकशी उभी राहून कप विसळत असताना जाऊबाई दुधाचं पातेलं घेऊन शेगडीकडून उलट्या पावलांनी आल्या आणि तिच्यावर आदळल्या. लागलं कुणालाच नाही. अर्धं दूध मात्र जमिनीवर गेलं. ‘अगं अगं अगं!’ जाऊबाई ओरडल्या, आणि तिच्या तोंडून, कुणी बटण दाबल्यासारखं, ‘सॉरी सॉरी’ बाहेर पडलं. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली न घेताच निकाल दिला: ‘ओटा एक नि बायका दोन, मग दुसरं काय होणार? धाकटीनं जरा सरून उभं राहावं.’ ‘नाही हो आई, माझंच लक्ष नव्हतं,’ जाऊबाई म्हणाल्या. पण अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला त्यांच्या मनाचा मोठेपणा तेवढा कळावा. फडकं आणायला म्हणून ती बाजूला झाली आणि वाकून पुसायला गेली, तेव्हा तिला दिसलं, की दूध तिच्या पावलांच्या कडेकडेनं पसरलंय आणि ती जिथं उभी होती तिथं दोन पावलांची कोरडी जागा राहिलीय. दोन्ही टाचा एका ओळीत, दोन्ही चवडे सरळ, जराही फरफट नाही. इतका स्वच्छ पुरावा तिला मैदानावर उभ्या जन्मात कधी मिळाला नव्हता. तिनं तो तीन वेळा पिळलेल्या फडक्यानं पुसून टाकला.

राग आला असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं ते तिला माहीत होतं. वीज कंपनीच्या तक्रारखिडकीत बसून तिचा निम्मा जन्म दुसऱ्यांच्या रागाशेजारी गेला होता. त्या दिवशीही अर्धा दिवस भरायचा म्हणून ती खिडकीत बसली, आणि एका गृहस्थानं, वीज त्याच्या घरातली गेलेली असताना, जणू ती तिनं पर्समध्ये घालून नेलीय अशा थाटात तिची खरडपट्टी काढली. ते तिला लागलं नाही. लागत होतं ते वेगळंच. तो ‘सॉरी’ आला कुठून? ती तर उभी होती. नियम इतका साधा आहे, की शाळेतल्या पोरांनाही दहा मिनिटांत समजतो: जो आधी येऊन आपल्या जागी उभा राहिला, ज्याचं तोंड समोरच्याकडे आहे, ज्याचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत, ती जागा त्याची. तिथं येऊन कुणी त्याच्या छातीवर आदळला, तर दोष येणाऱ्याचा. तिचं तोंड सिंककडे होतं हे खरं. पण पाठीमागून येणाऱ्याला तर तेवढीही सबब नाही. हा नियम ती बावीस वर्षं लोकांना लावत आली होती. सहा-साडेसहा फुटी बाप्यांना लावत आली होती. आणि घरात, बसमध्ये, लिफ्टच्या दारात, लग्नाच्या हॉलमध्ये जिथं म्हणून कुणी तिच्यावर आदळलं होतं, तिथं माफी तिनं मागितली होती. ती मनात मागे मागे जात आठवू लागली, की आपण उभं असताना समोरच्यानं माफी मागितली असं कधी घडलं. आणि एका आरशाशिवाय तिला काही आठवेना. कपड्यांच्या दुकानातल्या त्या मोठ्या आरशावर ती स्वतःच आदळली होती, आणि दोघींनी एकदमच माफी मागितली होती.

संध्याकाळी हॉलवर पोचली तेव्हाही हे डोक्यात घोळतच होतं. बायकांसाठी वेगळी खोली नव्हती; जिम्नॅस्टिकच्या गाद्या ठेवायच्या कोठीत तिला कपडे बदलायला सांगितलं होतं, तिथं रबराचा आणि जुन्या घामाचा वास कोंडला होता. बूट बांधून ती बाहेर आली तर मास्तर भिंतीला टेकून गुडघ्यावर पट्टा चढवत होते. मास्तर हे एका शाळेतून निवृत्त झालेले कवायतशिक्षक. शहरातल्या निम्म्या पंचांना त्यांनी शिट्टी धरायला शिकवली होती, तिलाही. आजचा सामना त्यांचा शेवटचा. संपल्यावर यजमान क्लबाचे अध्यक्ष त्यांना मैदानाच्या मध्यभागी सन्मानचिन्ह देणार होते, आणि मास्तरांनी त्यासाठी घरून इस्त्रीचा कोट आणून खुंटाळ्याला टांगला होता, हे तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

‘काय गं, चेहरा का असा? खिडकीतून थेट आलीस वाटतं.’

‘सकाळी दूध सांडलं, मास्तर.’

‘मग सांडलं तर सांडलं. आपण काय मांजर आहोत?’ त्यांनी पट्टा आवळला. ‘ऐक. दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या तर?’

‘फक्त मूठ वर. दुसरी खूण नाही. आधी नजरेला नजर.’

‘शाबास. एकानं चार्ज दाखवायचा नि दुसऱ्यानं ब्लॉक, म्हणजे भर मांडवात नवरा-बायकोनं वेगवेगळी आडनावं सांगण्यासारखं आहे. लोक ते मरेपर्यंत विसरत नाहीत. आणि तोफेवर आधीच चार फाउल आहेत असं होईल शेवटी, बघ तू. तेव्हा जपून.’

तोफ म्हणजे यजमान संघाचा हुकमी खेळाडू. तो चेंडू घेऊन टोपलीकडे निघाला, की वाटेतली माणसं आपणहून वाट देत, आणि न देणाऱ्यांची नावं पुढे फारशी ऐकू येत नसत. अर्धा हॉल त्याचं नाव घेऊन बाकं बडवत होता. पाहुण्या संघात त्याला अडवण्यासाठी एक जाडसर, थोराड, केस विरळ झालेला गडी होता, ज्याला त्याचे साथीदार खुंटी म्हणत, कारण एकदा रोवला की हलत नसे. त्याला कुणी चेंडू देत नव्हतं. त्यालाही तो नको असावा.

सामना सुरू झाला आणि ती नेहमीप्रमाणे सामन्यातून बाहेर पडली. हे कुणाला सांगून पटलं नसतं, पण इतक्या वर्षांत तिनं एकही देखणी बास्केट धड पाहिलेली नव्हती. चेंडू हवेत कमान काढून जाळीतून कसा उतरतो, ज्यासाठी लोक उभे राहून किंचाळतात, ते तिला फक्त कानांनी माहीत होतं. पंचांच्या पहिल्याच वर्गात मास्तरांनी फळ्यावर काही न लिहिता सांगितलं होतं: ‘चेंडू बघायला एवढा मोठा हॉल भरलाय. आपल्याला आत सोडलंय ते ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघायला. त्याचे पाय बघा, त्याची छाती बघा. धडक झाल्यावर सगळेच बघतात. धडकेच्या आधी तो कुठं होता, हे बघणारा एकच माणूस असतो, आणि तो तुम्ही.’ इतर उमेदवारांनी हे वहीत उतरवून घेतलं. तिला उतरवून घ्यायची गरज वाटली नव्हती. ती जन्मभर तेच करत आली होती. लहानपणी वडील ओरडत तेव्हा ती आईकडे बघे. लग्न ठरवायला पाहुणे आले तेव्हा बडबड मुलाचा थोरला भाऊ करत होता, आणि ती कोपऱ्यात बिस्किटाचा तुकडा चहात बुडून गेल्यावर तो बोटानं काढावा की नाही या विवंचनेत पडलेल्या धाकट्याकडे बघत होती. आणि त्यानं तो शेवटी काढला नाही, तसाच गिळला, यावरून तिनं होकार दिला. तो निर्णय बरा ठरला होता. बघायचं कुणाकडे हे तिला कळत होतं. बघून झाल्यावर शिट्टी वाजवायची, हे मात्र मैदानाच्या बाहेर कधी जमलं नव्हतं. मैदानात अंगावर करडा शर्ट असे, गळ्यात दोरी असे, आणि तिथं ती दुसरीच कुणी होऊन जाई. की दुसरी ती ओट्यापाशी उभी राहणारी होती? असलं काही तरी तिच्या डोक्यात येऊ लागलं, तशी तिनं ते मानेनं झटकलं. समोर कोपर लागलं होतं, तिनं शिट्टी वाजवली, हात वर केला, आणि ज्याचं कोपर होतं तो मुकाट्यानं वळला.

शेवटाकडे मास्तरांनी म्हटल्याप्रमाणेच झालं. यजमान एका गुणानं मागे, घड्याळात श्वासभर वेळ, तोफेवर चार फाउल. पाचवा झाला की बाहेर. ती टोपलीखालच्या रेषेवर उभी होती, मास्तर दूर, मैदानाच्या मध्याकडे. चेंडू तोफेच्या हातात मास्तरांच्या बाजूला आला. हॉल उठून उभा राहिला हे तिला पायांखालच्या लाकडातून कळलं. तिनं चेंडू सोडून दिला. तोफेनं पहिल्या माणसाला खांद्यानं चकवलं असेल, कारण आवाज चढला. ती खुंटीकडे बघत होती. खुंटी टोपलीखाली आखलेल्या कमानीपाशी होता, कमानीच्या आत असता तर दोष त्याचाच ठरून प्रश्नच मिटला असता. पण तो एक पाऊल पुढे आला, कमानीच्या बाहेर, डावा पाय टेकला, उजवा टेकला, हात वर घेतले, आणि थांबला. थांबला म्हणजे त्यानं डोळे किंचित मिटले. आदळणार हे माहीत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते ती एक प्रकारची शांतता त्याच्या चेहऱ्यावर आली. मग तोफेचे पाय जमिनीवरून सुटले. आधी ते, मग हे; मधली फट एवढीशी, पण तिच्यात ती आरामात उभी राहू शकली असती, इतकी ती तिला रुंद दिसली. चेंडू अजून हातात असतानाच तोफेचा गुडघा आणि खांदा खुंटीच्या छातीच्या बरोबर मध्यावर बसला, खुंटी पाठीवर पडून घसरत गेला, आणि वरून कुठून तरी जाळीचा आवाज आला. बास्केट झाली होती. तिची शिट्टी वाजली होती. तिची मूठ वर गेली होती. आणि दुसरी शिट्टीही वाजली होती.

तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे दोन्ही हात कमरेवर होते.

कमरेवर हात म्हणजे ब्लॉक. दोष अडवणाऱ्याचा, बास्केट धरायची, वर एक मुक्त फेक. म्हणजे यजमान जिंकले. हॉलनं ते हात पाहिले आणि छप्पर उचललं. ठरल्याप्रमाणे फक्त मूठ वर करायची होती, आणि ते विसरले ते ज्यांनी ठरवलं होतं तेच. तिची मूठ अजून वर होती, एकटी, आणि त्या मुठीचा अर्थ अजून कुणाला कळलेला नव्हता. ती नुसती खाली घेतली असती तरी पुरे होतं. मुख्य पंचांनी खूण केली, दुय्यम पंचानं मूठ उतरवली. यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. हे सगळं तिच्या मनात एका क्षणात मांडून झालं, नेहमीप्रमाणे, व्यवस्थित: मूठ खाली घेतली तर मास्तरांचा शेवटचा दिवस गोड, यजमान खूश, निरीक्षकबाईंच्या कागदावर ‘परस्परांत उत्तम मेळ’, बिल्ला, हॉटेलातली सकाळ, जाऊबाईंचा ओटा. मूठ खाली न घेतली तर भर मांडवात दोन आडनावं. एका बाजूला इतकं सगळं आणि दुसऱ्या बाजूला लाकडावर उताणा पडलेला एक जाड माणूस, जो उठायचाही प्रयत्न करत नव्हता आणि जो फक्त तिच्याकडे बघत होता. बाकी सगळे मास्तरांकडे बघत होते. तिच्या जिभेच्या टोकावर काही तरी आलं, ओळखीचं, गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेलं. ओठ ‘सॉ’ म्हणायला गोल होऊ लागले असल्याचं तिला स्वतःला जाणवलं. तिला त्याची किळस आली. ओटा आठवला, फडकं आठवलं, आणि पुसताना आपण किती काळजीपूर्वक पुसलं, कोपरेसुद्धा सोडले नाहीत, हे आठवलं. ओठ मिटले. मूठ वरच ठेवून ती मास्तरांकडे चालू लागली.

मैदान ओलांडायला एरवी काही लागत नाही. आज ते लांबत गेलं. तिच्या डाव्या बाजूला हॉलचा आवाज भिंतीसारखा उभा होता. कुणी तरी ‘ए काकू, हात खाली!’ असं ओरडलं आणि लोक हसले. आणि तिला चालता चालता कळलं, की हा आवाज आपल्याला भिववत नाहीय. खिडकीत बसून बसून आपल्या कानांवर घट्टे पडलेत. उलट पाठीचा कणा कुणी वरून दोरीनं ओढल्यासारखा ताठ होत चालला होता. मास्तर कमरेवरचे हात खाली न घेता उभे होते. जवळ गेल्यावर तिला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला, आणि डोळ्यांत आधीच काही तरी चुकल्याची जाणीव.

‘मास्तर, तुम्ही काय पाहिलंत?’

‘अगं, मी खूण दिलीय.’ ओठ न हलवता ते म्हणाले. ‘आता काय त्याचं? मूठ घे खाली. सगळं शहर बघतंय.’

‘बघू दे. मी पाय पाहिले. दोन्ही टेकलेले, कमानीच्या बाहेर. तो उडाला त्याच्या आधी. छातीवर आदळला, चेंडू हातात होता. तुम्ही काय पाहिलंत?’

‘मी इथून...’ मास्तर थांबले.

‘पाय पाहिलेत?’

‘तू मला शिकवू नकोस.’

‘तुम्हीच शिकवलंयत. म्हणून विचारतेय.’

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिनं नजर काढली नाही. उगीच आदरानं खालीही नेली नाही. यजमान क्लबाचे अध्यक्ष पहिल्या रांगेतून अर्धे उठून हातानं ‘चला, चला’ करत होते. मास्तरांचा चेहरा आधी आक्रसला, मग त्याचं काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. पहिल्या वर्गातल्या फळ्यापुढे उभा असलेला, केस काळे असलेला माणूस क्षणभर तिथून डोकावला.

‘चेंडू,’ ते म्हणाले. अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं. ‘शेवटचा सामना... तो इतका सुंदर उडाला गं. मी चेंडू बघत होतो.’

मास्तरांनी कमरेवरचे हात काढले, ते दोन्ही पँटला पुसले, म्हणाले, ‘तू थांब. खूण मी चुकवली, मीच फिरवणार,’ आणि गुणलेखकांच्या टेबलाकडे निघाले. ती त्यांच्या मागे न राहता शेजारून चालली. टेबलासमोर उभं राहून मास्तरांनी उजवी मूठ डाव्या तळव्यावर अशी आपटली, की शेवटच्या रांगेलाही ती ऐकू आली असावी: चार्ज, दोष आदळणाऱ्याचा. मग दोन्ही हातांनी बास्केट रद्द. मग तोफेचा क्रमांक आणि पाच बोटं. एक क्षण काहीच झालं नाही. मग सगळं झालं. बाटल्या आल्या, मास्तरांच्या वयाचा आणि दृष्टीचा उद्धार झाला, तोफ तिच्या समोर येऊन ‘बाई, तो मध्ये आला!’ म्हणून ओरडला. ‘तो मध्ये आला नाही, तो तिथं होता,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही, कारण चढवायची गरज पडेना. ‘तुम्ही आलात.’ आणि तोफ, कसा कुणास ठाऊक, बाजूला झाला. ती जिथं उभी होती तिथून तो बाजूला झाला. तिच्या अंगभर, तळपायांपासून वर, अशी काही झिणझिणी गेली, की शिट्टी तोंडात धरून तिला दात घट्ट आवळावे लागले; नाहीतर ती भर मैदानात हसली असती.

उरलेला श्वासभर वेळ संपला. पाहुणे एका गुणानं जिंकले. निरीक्षकबाई गाद्यांच्या कोठीत आल्या, दार लोटून घेतलं आणि त्याच ओळखू न येणाऱ्या चेहऱ्यानं विचारलं, ‘शेवटचा निर्णय कुणाचा?’

‘दोघांचा असतो तो,’ ती म्हणाली.

‘तिचा,’ दाराबाहेरून मास्तरांचा आवाज आला. ते आत आले नाहीत. बायकांच्या खोलीत ते जात नसत, ती खोली गाद्यांची असली तरी. ‘मी चेंडू बघत होतो. तसंच लिहा.’

‘लिहू? शेवटच्या सामन्यावर हाच शेरा राहील तुमच्या.’

‘लिहा हो. आणि हिचंही लिहा. मुख्य पंचानं खूण दिल्यावर ही त्याला जाब विचारायला मैदान ओलांडून आली. असली बाई वरच्या मंडळात हवी, की मला हो म्हणणारी, ते तुमचं तुम्ही ठरवा.’

‘ते मी ती निघाली तेव्हाच ठरवलं,’ निरीक्षकबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. त्यांचे दात उत्तम स्थितीत होते. ‘पुढच्या महिन्यात सामना आहे परगावी. बॅग भरायला लागा.’

ती बाहेर आली तेव्हा त्या निर्णयाची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते सगळं समोर मांडल्यासारखं पडलं होतं. तोफेनं पाचवा फाउल भरला होता आणि तो डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला होता. यजमानांनी चषक भरला होता. त्यांच्या अध्यक्षांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं होतं. मैदानाच्या मध्यभागी समारंभाची खुर्ची तेवढी राहिली होती आणि एक झाडूवाला तिच्याभोवतीनं झाडून घेत होता. खुंटीनं माकडहाड भरलं होतं. त्याला बसता येईना, म्हणून साथीदारांनी त्याला फोटोत उभाच केला, चषक त्याच्याच हातात दिला, आणि तो वेदनेनं डोळे पाणावून खदखदा हसत होता. मास्तर इस्त्रीचा कोट न घालता हातावर टाकून दाराकडे चालले होते, गुडघ्यावर जरा लंगडत, पण मान वर. त्यांनी सगळ्यांत जास्त भरलं होतं, आणि कुणी मागितलेलं नसताना. तिनं यात आपला वाटा कुठला ते शोधून पाहिलं. बराच वेळ शोधलं, जुन्या सवयीनं, कुठं तरी असणारच अशा खात्रीनं. निघाला नाही. आज पहिल्यांदाच तिच्याशिवाय बाकी सगळ्यांनी भरलं होतं. धावत जाऊन मास्तरांना गाठावं, त्यातलं थोडं आपल्या अंगावर घ्यावं, असं तिला वाटून गेलं. पाऊलही उचललं गेलं. मग तिच्या लक्षात आलं, की त्यांनी ते मोजून, समजून, स्वतःच्या हातानं भरलंय, आणि ते परत करायला जाणं म्हणजे त्यांचा हात धरणं. तिनं उचललेलं पाऊल खाली टेकवलं. मास्तर दारातून बाहेर पडेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, आणि त्यांनी दिलेलं तिनं ठेवून घेतलं.